राउटिंगमधील दोष: गिट बायसेक्ट की ट्रेसिंग?
लिनक्सचे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) अद्ययावत केल्यावर पॅकेट (नेटवर्कवरून जाणारे माहितीचे तुकडे) चुकीच्या गेटवेकडे (पुढच्या नेटवर्ककडे नेणाऱ्या यंत्राकडे) जाऊ लागले, तर शोधाचे दोन मार्ग असतात. पहिला मार्ग म्हणजे गिट या कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनातील बायसेक्ट: ते दर टप्प्याला संशयित कमिट (कोडमध्ये नोंदवलेले बदल) निम्मे करते, त्यामुळे १४,००० कमिट असले तरी सुमारे १४ वेळा कर्नल बांधून, बूट करून पॅकेट कोणत्या मार्गाने जाईल हे सांगणारी ‘आयपी रूट गेट’ ही आज्ञा तपासली की दोषी कमिट बहुधा हाती लागते. दोष अधूनमधूनच दिसत असेल, तर मात्र एकच चुकीचा ‘गुड’ (या कर्नलमध्ये दोष नाही) शेरा सगळी मेहनत वाया घालवतो. दुसरा मार्ग ट्रेसिंगचा: कर्नलच्या एफट्रेस या साधनातील ‘फिब टेबल लुकअप’ ट्रेसपॉइंट (कर्नलच्या कोडमधील नोंद घेण्याची जागा) चालत्या यंत्रावरच कोणत्या राउटिंग टेबलमध्ये शोध झाला आणि कोणता गेटवे निवडला गेला हे दाखवतो. गेटवेची निवड कोणत्या कमिटमुळे बदलली, हे मात्र तो सांगत नाही. दोष हमखास पुन्हा घडवता येत असल्यास मी बायसेक्टच निवडतो.