मिसळ खाऊन येईपर्यंत बोर्ड बदलला

नाशिकला अंबडच्या एका कंपनीत मी मेंटेनन्सला आहे. मोटार बदलायची असली की आधी तिची नेमप्लेट वाचायची आणि मगच पाना हातात घ्यायचा, ही २२ वर्षांची सवय. तरीही मुलासाठी घेतलेला कॉम्प्युटर नेमप्लेट न बघता घरी आणला. कुणाचे तरी पैसे वाचतील म्हणून लिहितोय, नाहीतर ही काही मिरवायची गोष्ट नाही.

मुलाची बारावी झाली आणि घरात गेमिंग पीसीचा विषय निघाला. पन्नास हजारांच्या आसपास बसवायचा होता. प्रोसेसर रायझन ५ ५६०० घ्यायचा हे त्याने ठरवूनच टाकलं होतं, ग्राफिक्स कार्ड आरएक्स ६५०० एक्सटी. घोडं अडलं मदरबोर्डवर, म्हणजे सगळे पार्ट ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डावर. एम. जी. रोडला चार दुकानं फिरलो, चारही ठिकाणी एकच सल्ला: "ए ५२० घ्या, स्वस्तात काम होईल." ए ५२० चा बोर्ड ५,६०० ला, बी ५५० चा ९,४०० ला. सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा, दोन्हीची एएम४, प्रोसेसर दोन्हीवर तोच बसतो. मग ३,८०० रुपये जास्त कशाला घालायचे?

कारण होतं, आणि ते मुलानेच शोधलं होतं. बोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यात डेटा ज्या वाटांनी जातो त्यांना लेन म्हणतात. बऱ्याच कार्डांना १६ किंवा ८ लेन असतात, ६५०० एक्सटीला फक्त चार. या लेनच्या पद्धतीला पीसीआयई म्हणतात आणि तिच्या पिढ्या असतात. बी ५५० वर लेन पीसीआयई ४.० च्या वेगाने चालतात, ए ५२० वर ३.० च्या, म्हणजे निम्म्या. त्यात कार्डाची स्वतःची मेमरी ४ जीबी. मोठा गेम लावला की ती भरते आणि उरलेला माल रॅममधून त्याच चार लेनवरून आणावा लागतो. संध्याकाळी सहाला द्वारका चौकातली वाहनांची कोंडी आठवा, म्हणजे पुढचं सांगायला नको. दुसरं कार्ड असतं तर मी निमूट ए ५२० घेतला असता, ६५ वॅटच्या प्रोसेसरला तो पुरतो. या कार्डाला मात्र बी ५५० च हवा होता.

शेवटी एका पहिल्या मजल्यावरच्या दुकानात सौदा जमला. नाव लिहीत नाही, प्रकरण अजून मिटलेलं नाही. मालक बोलायला गोड. सगळ्या पार्टचं कोटेशन व्हॉट्सॲपवर पाठवलं, त्यात बोर्डाचं मॉडेल स्पष्ट लिहिलेलं. आमच्यासमोर खोका उघडला, अँटिस्टॅटिक पिशवीतून बोर्ड काढून हातात दिला. प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर, व्हीआरएमवर, ॲल्युमिनियमचा हीटसिंक होता. मी अंगठा फिरवून बघितला. मुलगा खूश.

"सर, असेंब्ली आणि विंडोजला दीड तास लागेल. इथे उकाड्यात कशाला बसता? पोराला मिसळ खाऊ घाला."

गेलो. मिसळ झणझणीत होती, पापड दोनदा मागवला.

परत आलो तर कॅबिनेट बंद, स्क्रीनवर विंडोज सुरू, एक गेमही चालवून दाखवला. मागच्या स्क्रूवर दुकानाचं स्टिकर: उघडल्यास वॉरंटी रद्द. बोर्डाचा रिकामा खोका वेगळा दिला. बिलावर "मदरबोर्ड, १ नग". मॉडेल नाही, सीरियल नंबर नाही. मी विचारलं तर म्हणाला, "सर, वॉरंटी आपल्या दुकानाची आहे, नंबरचं काय घेऊन बसलात!" मी मान डोलावली. खरं तर तिथेच हटून बसायला हवं होतं.

आठ दिवसांनी मुलगा म्हणाला, "बाबा, गेम मधेच अडकतोय." मी म्हटलं, तुझे गेमच जड असतील. त्याने गुपचूप एसएसडीचा, म्हणजे फाइली साठवणाऱ्या ड्राइव्हचा, वेग मोजला. आमची एसएसडी जेन ४ ची, म्हणजे पीसीआयई ४.० ची, खोक्यावर वाचनाचा वेग सेकंदाला ५,००० एमबी छापलेला. मोजमापात ३,५०० च्या पुढे काटा जाईना. चार लेनच्या जेन ३ वर साधारण एवढंच मिळतं. मग त्याने स्टार्टमध्ये एमएसइन्फो३२ टाइप केलं. जी खिडकी उघडली तिच्यात 'बेसबोर्ड प्रॉडक्ट' अशी एक ओळ असते. तिथे ए ५२० लिहिलेलं. मला वाटलं काहीतरी चुकत असेल. पार्टांची माहिती दाखवणारं सीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उतरवून मेनबोर्डचं पान उघडलं, तिथेही तेच.

मग रागाच्या भरात मी स्टिकर फाडून कॅबिनेट उघडलं. हे करू नका, का ते पुढे येईलच. कूलरच्या बाजूला जिथे ॲल्युमिनियमचा तुकडा हवा तिथे उघडे काळे चौकोन. मॉडेलचं नाव नेमकं ग्राफिक्स कार्डाच्या खाली छापलेलं, म्हणजे कार्ड काढल्याशिवाय दिसणारच नाही. रॅमच्या स्लॉटजवळच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर आणि खोक्यावरचा नंबर यांचा काडीचा संबंध नव्हता. बोर्डाच्या स्क्रूच्या भोकांभोवती आधीच्या कसण्याचे गोल ओरखडे होते. आठ दिवसांच्या बोर्डावर असे वळ पडत नाहीत.

रविवारी दुकानात गेलो. मालक म्हणाला, "सर, तुमचा प्रोसेसरच ३.० चा आहे, बोर्ड काय करणार?" इथे मुलाचा अभ्यास कामी आला. ५५०० आणि ५६००जी हे प्रोसेसर खरंच पीसीआयई ३.० चे, त्यांना बी ५५० वर बसवलं तरी ४.० मिळत नाही. आमचा होता साधा ५६००, तो ४.० चा. मुलाने शांतपणे एवढंच सांगितलं आणि वर विचारलं, "आणि काका, प्रोसेसरमुळे बोर्डाचं नाव बदलतं का?" मालक पाणी प्यायला आत गेला.

बाहेर आला तो आवाज चढवूनच. "स्टिकर फाटलंय. बोर्ड तुम्हीच घरी बदलला नसेल कशावरून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्टिकर मीच फाडलेलं. स्क्रीनचे फोटो काढून, त्याच्याच टेबलावर, व्हिडिओ चालू ठेवून कॅबिनेट उघडायला लावलं असतं तर हा प्रश्न त्याला विचारता आला नसता. आणि खरं म्हणजे घ्यायच्या दिवशीच, पैसे देण्याआधी, ती एमएसइन्फो३२ ची खिडकी उघडायला अर्धा मिनिट पुरला असता. सीरियल नंबर बिलावर लिहून घ्यायला आणखी अर्धा.

पुढे बोर्डाचा नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारलं. या नंबरची तीन वर्षांची वॉरंटी केव्हाच संपलेली. म्हणजे नुसता स्वस्त बोर्ड नव्हे, कुणाच्या तरी मशीनमधून काढलेला जुना बोर्ड आमच्या गळ्यात मारला होता.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. काही दिवसांनी मालकाचाच फोन: "सर, ३,८०० परत करतो, तक्रार मागे घ्या." मन डळमळलं, खोटं कशाला बोलू. पण ३,८०० हा नव्या ए ५२० आणि बी ५५० मधला फरक झाला, मला मिळालेला तर नवाही नव्हता. नाही म्हटलं. आता जिल्हा ग्राहक आयोगाची तयारी चाललीय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. वकील केलाच पाहिजे असंही नाही.

कागद जमवताना बायकोने पँटच्या खिशातून एक चुरगळलेली चिठ्ठी काढून दिली. दोन मिसळ, दोन जादा पापड, एक ताक, प्रत्येकाचा वेगळा दर, तारीख आणि वेळ १.१२. दुकानाचं स्टिकर लागलं तेव्हा आम्ही कुठे होतो याचा तेवढा एक कागद माझ्याकडे आहे. कोटेशन आणि दोन्ही सीरियल नंबरांच्या फोटोंसोबत तोही जोडतोय.