सुंगटांच्या (कोळंबीच्या) ताज्या रोलचं किट: पेपर घ्या, बाकीचा डबा तिथंच राहू दे

साडेसहाशे रुपयांचं हे व्हिएतनामी समर रोलचं किट घेऊ नका. आतला राइस पेपर (रोल गुंडाळायचा तांदळाचा पातळ पापुद्रा) चांगला आहे, खरंच चांगला आहे, पण तसाच पेपर सुट्या पाकिटात दोनशे-सव्वादोनशेला मिळतो आणि डब्यातलं बाकी सगळं एकतर आपल्या बाजारात जास्त चांगलं मिळतं नाहीतर घरी पाच मिनिटांत होतं. एवढंच पाहिजे असेल तर इथंच थांबा. ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी पुढे लिहिते, कारण किट बेकार असलं तरी पदार्थ झकास आहे आणि गोव्यात तर कधीच घरोघरी व्हायला पाहिजे होता.

पणजीत एका सुपरमार्केटात सॉस-नूडल्सच्या रॅकवर दिसलं, 'व्हिएतनामी समर रोल किट'. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच कोणाशी वाद नको. आत राइस पेपरचं पाकीट, तांदळाच्या बारीक नूडल्स, शेंगदाण्याच्या डिपची दोन सॅशे, एक चित्रांचा कागद आणि सुकवलेल्या हर्ब्जची पुडी. सुकवलेल्या! म्हणजे ज्या पदार्थाचा सगळा जीवच ताज्या पाल्यात आहे त्याला यांनी पिझ्झ्यावर भुरभुरायची पुडी दिलीय. तिथंच मला शंका आली होती पण म्हटलं पैसे दिलेत तर पूर्ण बघूया.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा दक्षिण व्हिएतनामचा पदार्थ, तिकडे गोइ कुओन म्हणतात. पारदर्शक राइस पेपरात उकडलेली कोळंबी, तांदळाच्या नूडल्स, लेट्यूस, पुदिना वगैरे पाला आणि मुळात उकडलेल्या डुकराच्या मांसाचे पातळ काप, हे सगळं गुंडाळायचं आणि सॉसमध्ये बुडवून तसंच खायचं. तळायचं नाही. तळलेल्याला 'चा जो' म्हणतात, तो वेगळा प्रकार. आमच्याकडे पोर्क होत नाही म्हणून आम्ही नुसत्या सुंगटांचे केले आणि काही अडलं नाही. सासूबाईंनी ताटातला रोल उचलून उजेडात धरला आणि विचारलं, "अगो, हें कच्चेंच खावपाचें गो?" तर नाही, सुंगटां शिजलेली असतात, कच्चा फक्त पाला.

आता पेपर. व्हिएतनामात बान चांग म्हणतात आणि आपल्याकडे वाफेवरचे तांदळाचे पापड करतात तसंच जवळजवळ करतात, उकळत्या पाण्याच्या भांड्यावर कापड ताणून बांधायचं, त्यावर तांदळाचं पातळ पीठ पसरायचं, वाफेवर शिजलं की अलगद उचलून बांबूच्या चटईवर उन्हात वाळवायचं. पेपर खिडकीशी धरून बघा, चटईची तिरकी जाळी त्यावर उमटलेली स्पष्ट दिसते. एक बाजू किंचित खरखरीत, एक गुळगुळीत. गुळगुळीत बाजू बाहेर आली तर रोल जास्त चकचकीत दिसतो. घेताना घटक वाचा: तांदळाचं पीठ, टॅपिओका स्टार्च, मीठ, पाणी, बस. टॅपिओका म्हणजे आपल्या साबुदाण्याचाच स्टार्च, त्याच्यामुळे पेपर ताणला जातो आणि आरपार दिसतो. टॅपिओका जास्त असलेला पेपर नवख्याला सोपा, फाटत नाही. ब्राउन राइसचा म्हणून एक मिळतो तो आरोग्याच्या नादात घेऊ नका, वळताना तडकतो. आकार २२ सेंटीमीटरचा घ्या, १६ चा इतका लहान की त्यात धड एक कोळंबी आणि दोन पानंच बसतात.

आणि हा किटमधला कागद. "गरम पाण्यात ३० सेकंद भिजवा" असं छापलंय. असं करून बघाच, हातात पेपर येत नाही, गोंद येतो, बोटांना चिकटतो, स्वतःला चिकटतो, उलगडायला गेलं की फाटतो. नळाचं साधं पाणी घ्या. पसरट ताटात, पेपर पूर्ण बुडेल एवढं. दोन-तीन सेकंद इकडून तिकडे फिरवला की बाहेर, अजून कडक वाटत असतानाच. ताटावर ठेवल्यावर अर्ध्या मिनिटात तो आपोआप मऊ पडतो कारण वरचं पाणी तो पितच राहतो. तेवढ्यात तुम्ही पाला मांडायचा. लाकडी पाटावर ठेवू नका, चिकटून बसतो, स्टीलचं ओलं ताट किंवा प्लॅस्टिकचा बोर्ड बरा. ओलं मलमलचं कापड अंथरलं तर सगळ्यात छान.

पाकिटावर "थंड आणि कोरड्या जागी ठेवा" लिहिलंय. जुलैत गोव्यात कोरडी जागा कुठे असते ते कंपनीनं येऊन दाखवावं. पावसात उघडं पाकीट ठेवलं तर पेपर हवेतलंच पाणी ओढून चामड्यासारखा होतो आणि कडा मुडपतात, नंतर बुरशीही धरते. घट्ट झाकणाचा डबा, पाकिटाचं तोंड क्लिप लावून बंद, मग काही होत नाही.

सुंगटांचं काय सांगायचं, ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतात. तरी या पदार्थासाठी दोन गोष्टी. एक, फार मोठी घेऊ नका, टायगर प्रॉन आणून पैसे घालवायची गरज नाही, मधली घ्या, बोटाएवढी, कारण ती उभी चिरून दोन फाकी करायच्या असतात. दोन, ताजी म्हणजे खरंच ताजी पाहिजेत, इथं तिखट-मीठ-हळद-नारळ काहीच नाही ज्याच्या आड शिळेपणा लपेल. डोकं घट्ट असावं, कवचाला चकाकी असावी, डोक्याजवळ काळे डाग दिसले की पुढच्या मासळीवालीकडे जा. मानशीची, म्हणजे बांधाच्या झडपेपाशी पकडलेली, सुंगटां मिळाली तर काय बोलायचं, खाजनातली (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतांतली) ती, लहान असतात पण गोडी वेगळीच, मग चिरत बसू नका, अख्खीच घाला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीत मोठ्या बोटी बंद असतात तेव्हा भाव चढलेले असतात, तेव्हा ही नदी-खाजनातली नाहीतर फ्रोझन. फ्रोझन म्हणजे बहुतेक तळ्यात पाळलेली व्हॅनामी जातीची असते, या रोलला चालते, फक्त रात्रभर फ्रिजमध्ये हळूहळू वितळू द्या आणि पाणी नीट निथळवा, नाहीतर रोल आतून ओला होतो.

शिजवायची पद्धत: पाठीची काळी शीर काढायची, कवच राहू द्यायचं, मिठाच्या उकळत्या पाण्यात टाकायची. पाण्यात चेचलेलं आलं टाकलं तर वास छान येतो. मधल्या आकाराला दीड-दोन मिनिटं पुष्कळ झाली. रंग बदलून अर्धगोल वळली की काढा, पूर्ण गोल वेटोळं झालं म्हणजे जास्त शिजली, रबर झाली. लगेच बर्फाच्या पाण्यात, मग सोलायची आणि पाठीकडून उभी कापायची. आपल्याला हुमणात (नारळाच्या आमटीत) सुंगटां बराच वेळ ठेवायची सवय, त्यामुळे दोन मिनिटं म्हटलं की हात पुढे जात नाही, पण इथं हात आवराच.

पाला हा माझ्या मते खरा विषय आणि यात किट सपशेल नापास. पुदिना आणि कोथिंबीर कुठेही मिळते. कांद्याची पात हिरवी तेवढी घ्या, तिकडे लसणाच्या चवीची चायनीज चाइव्ह्ज घालतात आणि शेपटी रोलबाहेर लोंबती ठेवतात, पात तेच काम करते, फक्त लसणाची चव जरा कमी. थाई बेझिलसाठी धावपळ करू नका, सब्जाची पानं घ्या. ज्याच्या बिया आपण फालुद्यात घालतो ते झाड आणि थाई बेझिल एकाच जातीची, वास थोडा वेगळा पण बडीशेपेची झाक दोन्हीत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गावातल्या बायका घरच्या परसातलं घेऊन बसतात तिथं विचारून बघा, आधी सांगून ठेवलं तर पुढच्या शुक्रवारी आणतात. वृंदावनातली तुळस मात्र नको, एकतर ती लवंगेसारखी तिखट लागते आणि दुसरं म्हणजे सुंगटांत घालायला तुळशीची पानं खुडली तर घरात काय होईल ते मी लिहायला नको. लेट्यूसची कुरकुरीत, मऊ शिरेची पानं घ्या, जाड देठानं पेपर भोसकला जातो. तवशें (काकडी), गाजर लांब बारीक चिरून. मे महिन्यात कच्च्या आंब्याच्या दोन काड्या घातल्या तर कोणी तक्रार करणार नाही, मूळ पदार्थात नसला तरी. आणि पाला धुतल्यावर कोरडा करा, कापडात गुंडाळून झटका. कच्चा खायचाय म्हणून धुवायचाही नीट, पाणी बदलून बदलून.

नूडल्स किटमधल्या ठीक आहेत, नावं ठेवण्यासारखं काही नाही. पण ज्यांच्याकडे शिरवळ्यांचा (तांदळाच्या शेवयांचा) शेवगो, म्हणजे सोऱ्या, आहे त्यांनी त्या विकत कशाला घ्याव्या? शिरवळ्यो थंड करून, किंचित तेलाचा हात लावून, थोड्या थोड्या घातल्या. विकतच्या नूडल्सपेक्षा जाड आणि जरा तुटक, पण तांदळाची चव आली जी पाकिटातल्याला अजिबात नसते. उरलेल्या शिरवळ्यो नारळाच्या रसात गेल्या, त्यामुळे मुलंही खूश.

सॉसबद्दल मला राग आहे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायची असते, आणि या 'शेंगदाणा डिप'मध्ये पहिली साखर, दुसरं पाणी, मग स्टार्च आणि त्याच्यानंतर शेंगदाणा. चव अर्थातच गोड खळ. घरी करा: पीनट बटर आणि होइसिन सॉस (सोयाबीनचा घट्ट, गोडसर चिनी सॉस) निम्मं निम्मं, तेलात परतलेला लसूण, पातळ करायला गरम पाणी, वर भाजलेल्या शेंगदाण्याचं भरड कूट.

पण मला विचाराल तर दुसरा सॉस, नुओक चाम. दोन चमचे फिश सॉस, दोन साखर, दोन लिंबाचा रस, चार-पाच चमचे पाणी, साखर विरघळली की ठेचलेला लसूण आणि लाल मिरची. लिंबाऐवजी अर्धं माडाचं विनेगर घातलं तर अजून छान, आंबटपणाला गोलाई येते. फिश सॉसच्या वासानं लोक घाबरतात, पण ज्यांच्या घरी गलमो (सुकवलेली बारीक कोळंबी) आणि खारें (खारवलेली सुकी मासळी) पावसाळाभर टिकतं त्यांनी नाक मुरडू नये बाबा, मोतयाळ्यांसारख्या बारीक मासळीत मीठ घालून वर्षभर मुरवलेलं पाणी आहे ते. व्हिएतनामच्या फू क्वोक बेटाचा फिश सॉस त्यातला नावाजलेला, २०१२ मध्ये युरोपियन युनियननं त्या नावाला संरक्षणसुद्धा दिलं. आपल्याकडे साधी थाई बाटली मिळते, ती चालते, फक्त घटकांत मासळी, मीठ आणि फार तर साखर एवढंच बघा.

वळायचं कसं ते चित्रांच्या कागदापेक्षा मी बरं सांगेन. मऊ पडलेल्या पेपरच्या तुमच्याकडच्या बाजूला, कडेपासून तीन बोटं सोडून, आधी लेट्यूसचं पान, त्याच्यावर चिमूटभर नूडल्स, पाला, तवशें. एक वळण घट्ट द्या, बोटांनी आतलं मागे दाबत दाबत. मग दोन्ही बाजूच्या कडा आत दुमडा. आता पुढच्या रिकाम्या पेपरवर कोळंबीच्या तीन फाकी एका रांगेत, लाल बाजू खाली, कापलेली वर, आणि तसंच पुढे गुंडाळत न्या. उलटा केला की पातळ पेपरखालून लाल-पांढरे पट्टे दिसतात, त्याच्या बाजूनं पुदिन्याचं एखादं पान दिसेल असं ठेवलं तर पाहुणे आधी फोटोच काढतात. भरताना हावरेपणा नको, भरपूर भरलेला रोल सॉसमध्ये बुडवला की फुटतो. पेपर टोकाला फाटला तर दुसरा ओला करून त्यावरून गुंडाळा, जरा जाड लागतो, पण खाता येतो.

रोल एकमेकांना टेकवू नका, चिकटले की सुटत नाहीत, मध्ये लेट्यूसचं पान घाला आणि वर ओलं फडकं. फ्रिजमध्ये ठेवले की पेपर कडक होतो म्हणून आदल्या रात्री करून ठेवायचा हा पदार्थ नव्हे, आणि आपल्या उकाड्यात कोळंबी बाहेर तासाभरापेक्षा जास्त ठेवायचीही नाही. त्यामुळे उत्तम उपाय म्हणजे सगळं मांडून मध्ये पाण्याचं ताट ठेवायचं आणि ज्याचा त्यानं करून खायचा. सोमवारी-गुरुवारी सुंगटांऐवजी पनीर किंवा टोफू परतून घातला तर पोट भरतं, पण खरं सांगायचं तर मन भरत नाही.

पाकिटात कडा तुटलेले पेपर निघतातच, ते टाकू नका. भिजवायचे नाहीत, कोरडेच तुकडे कडकडीत तेलात सोडले की डोळ्यादेखत फुगून पांढरेशुभ्र होतात, लगेच काढायचे नाहीतर करपतात. रोल सासूबाईंनी एक खाल्ला, छान आहे म्हणाल्या, आणि नंतर हे तळलेले तुकडे हुमण-भाताबरोबर सगळे संपवले.