बँकॉकमध्ये दोघांनी फिरायला नारिंगी झेंड्याची बोट

दोघांनीच दोन-तीन दिवस बँकॉकला जायचं असेल तर टॅक्सीच्या फंदात पडू नका. सफान ताकसिन या स्कायट्रेन स्टेशनच्या खालीच साथोर्नचा धक्का आहे, तिथून चाओ फ्राया नदीतली नारिंगी झेंड्याची प्रवासी बोट पकडा. ट्रॅफिकची कटकट नाही, नदीचा वारा मस्त. वात फो मंदिरातला 46 मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध सकाळीच बघा; त्याच्या तळव्यांवरचं शिंपल्याचं जडावकाम सोडून नवरा हलेना! नदीपलीकडच्या वात अरुण मंदिराला छोटी होडी जाते. जेवायला सोम ताम घ्याच. कच्ची पपई, लिंबू, मिरची, शेंगदाणे आमच्यासमोर खलात कुटले, चव अजून जिभेवर आहे. शाकाहारी असाल तर सुकट आणि माशाचा सॉस नको, हे आधीच सांगा. ऑफिस सुटायच्या वेळी मात्र बोट टाळा.