हाताचा व्हॅक्यूम पंप: पंप बरा, डबा भिकार, विक्रेता त्याहून

“रबरी भाग वॉरंटीत येत नाहीत.” एवढं एक वाक्य लिहायला विक्रेत्याने पंधरवडा घेतला. व्हॅक्यूम पंपातून रबर काढलं तर उरतं काय? एक नळकांडं, एक दांडा आणि एक गेज. मग वॉरंटी नक्की कशाची होती, हे विचारलं तर उत्तर नाही. तेव्हा बरेच महिने वापरून झालेलं मत इथे लिहितो.

बहुतेक लोक हा हाताने दाबून हवा ओढायचा पंप ब्रेक ब्लीड करायला, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला घेतात. मी घेतला आतोबांच्या कॉर्व्हेटसाठी. १९७६ची स्टिंगरे, ३५० क्युबिक इंचाचं इंजिन, प्रभात रोडवरच्या बंगल्यात झाकून ठेवलेली. या गाडीचे हेडलाइट बॉनेटमधून वर येतात आणि ते उचलायला मोटर नाही. इंजिनच्या मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) व्हॅक्यूम नळ्यांतून फिरवून सगळं काम केलंय. हीटर-एसीच्या झडपाही त्यावरच चालतात. आतोबांच्या गाडीत डावा दिवा झटकन उठायचा, उजवा मागून सावकाश यायचा आणि अर्ध्यात थांबायचा. ज्या गॅरेजला दाखवली त्यांनी न तपासताच दोन्ही अ‍ॅक्च्युएटर (व्हॅक्यूमवर दिवे उचलणारे डबे) आणि झाडून सगळ्या नळ्या बदलायचं एस्टिमेट दिलं. आकडा ऐकून आतोबा म्हणाले, “रात्री गाडी काढायचीच कशाला?” त्यापेक्षा पंप स्वस्त पडला.

आधी एका तक्रारीचा निकाल लावतो. गेजचा काटा तीस इंचांपर्यंत जात नाही म्हणून पुष्कळ जणांनी या पंपाला एक तारा दिलाय. अहो, जाणार कसा? पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. इथे हवेचा दाबच पाऱ्याच्या २८ इंचांच्या आसपास भरतो. त्याहून जास्त व्हॅक्यूम पुण्यात काढणारा पंप अजून जन्मायचाय. माझा पंचविसाच्या पुढे जातो, तेवढं पुष्कळ. याच कारणाने इंजिनचं रीडिंगही इथे कमी दिसतं. मॅन्युअलात आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) १८ ते २१ इंच लिहिलेलं असेल तर पुण्यात त्यातून दोन वजा करा. आमचा काटा सतराजवळ स्थिर होता, म्हणजे इंजिनला दोष नव्हता. हे माहीत नसल्यामुळे लोक उगाच कार्ब्युरेटर उघडत बसतात.

पंपाने खरी कमाल केली ती पुढे. मॅनिफोल्डपासून एक चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने सोडणारी झडप) लागतो, मग व्हॅक्यूमची टाकी. कात्रजच्या चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम पडतो, त्या वेळी दिवे टाकीतल्या शिल्लकीवर चालावेत अशी ती सोय. चेक व्हॉल्व्ह काढून पाहिला, एकाच बाजूने हवा सोडत होता. मग टाकीवर गेज लावून इंजिन बंद केलं, तर काटा डोळ्यांदेखत खाली. लीक कुठल्या फांदीवर आहे ते शोधायला सर्जिकलच्या दुकानातून आर्टरी फोर्सेप, म्हणजे शस्त्रक्रियेतला चिमटा, आणला (जुनं रबर चिरू नये म्हणून त्याच्या जबड्यांना कापडी टेप गुंडाळा). हीटरची नळी दाबली, काटा पडतच राहिला. हेडलाइटची दाबली आणि थांबला.

मग उजव्या अ‍ॅक्च्युएटरवर आलो. त्याला दोन तोंडं असतात, एकाने दिवा वर जातो, दुसऱ्याने खाली. एका तोंडाला पंप लावला, काटा जागेवर. दुसऱ्याला लावला तर टिकेना. डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) फाटला असता तर दोन्ही बाजू गळाल्या असत्या. एकच गळतेय आणि तीही दांडा बाहेर येतो त्या बाजूची, म्हणजे दांड्याभोवतीचं सील गेलंय. ते सील अमेरिकेहून मागवलं, पण अख्ख्या अ‍ॅक्च्युएटरच्या मानाने ती चिल्लर. गॅरेजवाल्याने बदलायला काढलेला डावा अ‍ॅक्च्युएटर ठणठणीत निघाला. हेडलाइटच्या बटणामागे एक प्लॅस्टिकचा व्हॅक्यूम व्हॉल्व्ह असतो, तोही तपासा. डॅशबोर्डखाली उताणं पडावं लागतं म्हणून तो सगळे शेवटी ठेवतात.

हात मात्र दुखतो. अ‍ॅक्च्युएटर चांगला डबाभर मोठा आणि पंप एका दाबात चमचाभर हवा काढतो. दिवा उचलेपर्यंत मनगट बोलायला लागतं.

आता डबा. हा मुद्दा कोणीच लिहीत नाही. निळ्या प्लॅस्टिकचा साचा, प्रत्येक वस्तूला आपापला खड्डा. कंपनीतून नळ्या ज्या वेटोळ्यात येतात त्या वेटोळ्यात त्या पुन्हा कधीही जात नाहीत. मग झाकण बसत नाही. बसवलं तर खटका लागत नाही. खटका लावून उचललं तर तो सुटतो आणि सगळे जोड फरशीवर. टी-जोड, एल-जोड, बारीक होत जाणारे जोड, सगळे काळे, सगळे गॅरेजच्या कोपऱ्याकडेच धावणारे. हा डबा ज्याने काढला त्याने त्यात एकदा तरी सामान परत भरून पाहिलं होतं का? मी आता सगळं चितळ्यांच्या बाकरवडीच्या रिकाम्या डब्यात ठेवतो. झाकण घट्ट बसतं, वर बाकरवडी खाऊन झाली ती वेगळी.

इथपर्यंतचं पावसाळ्याआधी लिहून ठेवलं होतं आणि चार तारे द्यायचे ठरले होते. मग पंपच धरेना. ब्रेक ब्लीड करायला सोबत जी बाटली येते तिचं झाकण नीट आवळत नाही, बाटली जरा कलली की ब्रेक ऑइल थेट पंपात. सील फुगलं आणि काटा आठ-दहावरून घसरायला लागला. विक्रेत्याशी पत्रव्यवहार झाला तो याच वेळी. चारचे दोन केले.

पण नवा पंप घ्यायला हात धजावेना. उघडला. आत सील म्हणून एक साधी ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी. नाना पेठेत मापाची मिळाली, दुकानदाराने पैसे घेताना माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. थोडं सिलिकॉन ग्रीस लावून बसवली आणि पंप नव्यापेक्षा चांगला धरायला लागला. म्हणजे कारखान्यातच कोरडी बसवली होती! त्यानंतर त्याच पंपावर मित्राच्या कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८००च्या व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सचा (ठिणगीची वेळ पुढे आणणाऱ्या यंत्रणेचा) डायफ्रॅम फाटलेला सापडला. ते पोरगं वर्षभर प्लग बदलत होतं.

तर दोनाचे साडेतीन. तारा अर्धा देता येत नसल्याने तीन. उरलेला अर्धा डब्याने खाल्ला असं समजा.

घ्यायचाच असेल तर दुकानात जाऊन घ्या. पंपाच्या तोंडावर अंगठा दाबून वीसपर्यंत काटा न्या आणि दुकानदाराशी भावाची घासाघीस करेपर्यंत अंगठा काढू नका. तेवढ्यात काटा घसरला तर दुसरा मागा. ब्रेकची बाटली त्याने काढून ठेवली आणि तेवढे पैसे कमी केले तर उत्तम, मला नाही केले.