जुनी सुती साडी की नवं पॉपलिन?

परभणीच्या वहिनींनी विचारलं, लेकीला उन्हाळ्यासाठी फ्रॉक कशाचा शिवू? आपल्याकडं मे महिन्यात पारा 42च्या पुढं जातो, म्हणून आधी अंगाला काय टोचत नाही ते बघा. धुऊन धुऊन मऊ झालेली साडी टोचत नाही, आटत नाही, खर्च फक्त दोऱ्याचा. तिचा काठ घेराला लावला की पोरगी गिरक्या घेत सुटते! पण निऱ्यांजवळ कापड विरलेलं असतं. उजेडासमोर धरून बघा, तेवढं सोडून कापा. पॉपलिन टिकतं, कापायला सोपं. मात्र आधी रात्रभर भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यातच आखूड होतं. घरात, झोपताना साडीचाच. मातीत खेळणाऱ्या पोरीला पॉपलिनचा, खाली चार बोटं दुमड ठेवून.