ब्रे स्टुडिओ: थेम्सकाठचं घर, स्टुडिओ म्हणून कसं?

विंडसर आणि मेडनहेडच्या मधे, थेम्सला अगदी लागून डाउन प्लेस नावाचं जुनं प्रशस्त घर आहे. हाच ब्रे स्टुडिओ. हॅमर ही छोटी ब्रिटिश चित्रपट कंपनी १९५१ मध्ये इथे आली. मोठ्या स्टुडिओचं भाडं परवडत नसे, म्हणून मोठी जुनी घरं घ्यायची आणि त्यातच शूटिंग करायचं, हा तिचा आधीपासूनचा शिरस्ता. जिना, दालनं, बाग, सगळं आयतं मिळतं.

अडचणीही घराच्याच. छताखाली दिवे टांगायला उंची नाही आणि भिंत हलत नाही, त्यामुळे कॅमेरा मागे घ्यायला जागा उरत नाही. म्हणूनच पुढे आवारात स्वतंत्र फ्लोअर, म्हणजे शूटिंगची दालनं, बांधावे लागले. तेही मोठ्या स्टुडिओंच्या मानाने लहानच.

पण या स्टुडिओचं खरं मोल कळतं ते कलादिग्दर्शक बर्नार्ड रॉबिन्सन यांच्या कामात. १९६५ मध्ये इथे एकापाठोपाठ चार चित्रपट झाले. ‘ड्रॅक्युला: प्रिन्स ऑफ डार्कनेस’चा किल्ला थोडा बदलून ‘रासपुतिन’ला वापरला, ‘द प्लेग ऑफ द झॉम्बीज’चं गाव ‘द रेप्टाइल’ला. खर्च वाचला, पण सेट ओळखू येण्याची भीती होती. मग एका खेळात दोन चित्रपट दाखवताना जोड्या उलटसुलट लावल्या: ड्रॅक्युलासोबत झॉम्बीज, रासपुतिनसोबत रेप्टाइल. त्यामुळे एका खेळात एकच सेट दोनदा दिसला नाही. चारही ओळीने बघा आणि पात्रांऐवजी दारं, कमानी, जिने यांच्यावर नजर ठेवा. एवढ्या तुटपुंज्या सामानात इतकं देखणं काम क्वचितच बघायला मिळतं.

१९७० मध्ये हॅमरने जागा विकली. त्यानंतर मॉडेल शूटिंगसाठी, म्हणजे छोट्या प्रतिकृती चित्रित करायला, ती फार उपयोगी ठरली, कारण काही फुटांच्या यानाला भव्य फ्लोअर लागतच नाही. ‘स्पेस: १९९९’ या मालिकेची यानं इथेच उडाली. मालिकेचे स्पेशल इफेक्ट्स करणारे ब्रायन जॉन्सन यांची पद्धत अशी: काळ्या पडद्यापुढे यान चित्रित करायचं, तीच निगेटिव्ह कॅमेऱ्यात मागे गुंडाळायची आणि तिच्यावरच तारे चित्रित करायचे. लॅबमध्ये प्रतिमा जोडल्या की चित्रात फिल्मचे दाणे वाढतात, ते इथे टळतं. धोका एकच: यानाच्या जागेवर तारा आला तर तो आरपार दिसतो आणि सगळा शॉट पुन्हा घ्यावा लागतो. ‘एलियन’ चित्रपटातलं मॉडेलचं कामही इथलंच. अलीकडे ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ या मालिकेचा दुसरा सीझन इथे झाला, म्हणजे मोठं युनिटही आता इथे मावतं.

बघायला जाणार असाल तर हा चालता स्टुडिओ आहे, आत शिरता येईल असं धरून निघू नका. विंडसरचा पूल ओलांडून ईटनच्या बाजूला या आणि थेम्स पाथने मेडनहेडच्या दिशेने चालत राहा. नदी डाव्या हाताला राहते, घर पलीकडच्या काठावर. शेजारचं ओकली कोर्टही हॅमरच्या चित्रपटांत दिसतं. आता तिथे हॉटेल आहे. हिवाळ्यात जा, झाडं निष्पर्ण असली की दोन्ही वास्तू जास्त मोकळ्या दिसतात.