साऊंड ब्लास्टरवाल्यांचा माऊस की जी ५०२?

क्रिएटिव्ह कंपनी म्हटलं की आपल्याला त्यांचं साऊंड ब्लास्टर साऊंड कार्ड आठवतं, पण त्यांनी सीज एम०४ नावाचा वायरवाला गेमिंग माऊसही काढलाय आणि तो काही नावापुरता नाहीये बरं का, आत पिक्सार्ट कंपनीचा ३३६० सेन्सर आहे, १२००० डीपीआयपर्यंत जातो (डीपीआय म्हणजे माऊस हलवला की कर्सर किती पळतो त्याचं माप). लॉजिटेकच्या वायरवाल्या जी ५०२ प्रोटिअस स्पेक्ट्रममध्ये ३३६६, म्हणजे त्याचाच सख्खा भाऊ. त्यामुळे निशाणा चुकला तर सेन्सरला शिव्या घालू नका :)

खरा फरक बटणांत. सीजला ७, जी ५०२ ला ११. स्नायपर बटण दोघांनाही, अंगठ्याने दाबून धरलं की डीपीआय झपकन खाली येतो, सोडलं की परत होता तिथे, स्कोप लावून बसणाऱ्यांना एकदम भारी. जी ५०२ चं मेटलचं चाक मोकळं सोडलं की भिंगरीसारखं फिरतं, लांबलचक एक्सेल शीटला मस्त, पण गेममध्ये चाकावर वेपन बदलत असाल तर खाचेवरच ठेवा, म्हणजे चाक टप्प्याटप्प्याने अडकत फिरतं. वजन मात्र १२१ ग्रॅम, त्यात वर ३.६ ग्रॅमची पाच वजनं घालायची सोय, कशाला घालतात देव जाणे.

लाईट दोघांनाही आहेत, सोडा. नुसतं शूटर (गोळीबाराचे गेम) खेळणार असाल तर सीज, ऑफिसचं कामही त्याच माऊसवर करणार असाल तर डोळे झाकून जी ५०२.